सासूबाईंची चांदी, पळसाची पाने आणि एक वीट: कामाच्या नोंदी (जुलै ते नोव्हेंबर २०२४)

१३ जुलै, शनिवार

नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत आज चांदीची ५०० ग्रॅमची, ९९९ टंचाची (हजारात ९९९ भाग शुद्ध) सीलबंद वीट घेतली. भाव ग्रॅमला ९३ रुपये होता, म्हणजे ४६,५०० रुपये आणि त्यावर ३ टक्के जीएसटीचे १,३९५ रुपये, असे एकूण ४७,८९५ रुपये झाले. विटेचा क्रमांक पावतीवर लिहून घेतला, कारण सील किंवा क्रमांक जुळला नाही तर परत विकताना वीट पुन्हा तपासली जाते आणि तिथेच पैसे कापले जातात.

ही वीट केवळ ठेवण्यासाठी आहे. दुसरे काम दागिन्यांचे आहे. सासूबाईंनी त्यांची जुनी चांदी माझ्या हवाली केली असून तिच्यातून पळसाच्या पानांचा एक संच घडवायचा आहे: एक हार, कानातले आणि दोन अंगठ्या. गेल्या वर्षी चार महिने मी महाल भागातल्या एका कारागिराकडे बसून पत्रा कापणे, कानस चालवणे आणि डाख देणे (लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधे जोडणे) शिकले. परंतु जुनी चांदी आटवून तिथून सुरुवात करण्याची ही पहिलीच वेळ आहे. घरातली चांदी अशीच कामात घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून वजने, खर्च आणि चुका जशाच्या तशा लिहीत जाणार आहे.

१६ जुलै, मंगळवार

सासूबाईंच्या माहेरच्या वहीत या चांदीची नोंद ‘६२ तोळे’ अशी आहे. हल्ली दुकानात १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे ती नोंद वाचून मी सरळ ६२० ग्रॅम धरले होते. जुना तोळा मात्र ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे ६२ तोळ्यांचे ७२३ ग्रॅम होतात. काट्यावर प्रत्यक्ष ७०९ ग्रॅम भरले: तोडे २४८, पैंजण १८६ आणि कंबरपट्टा २७५. पैंजणांचे बरेच घुंगरू गळून गेलेले आहेत आणि कंबरपट्ट्याच्या कड्या झिजलेल्या आहेत, तेव्हा १४ ग्रॅमची तूट समजण्यासारखी आहे. उरलेले घुंगरू आटवायचे नाहीत, असे सासूबाईंनी निक्षून सांगितले आहे. मोजून सहा मिळाले. ते वजनाआधीच काढून डबीत ठेवले.

त्याच पेटीत ११ रुपये निघाले. तेही आटवावेत, असे आधी मनात होते. नाण्यांवरची साले पाहिल्यावर बेत सोडला. १९३९पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा असे, म्हणजे त्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४०पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. आमच्या ११ नाण्यांपैकी ७ जुनी आहेत आणि ४ चाळिशीतली. सगळी एकत्र आटवली असती तर चार नाण्यांच्या तांब्या-निकेलने उरलेल्या चांदीचा कस उतरला असता. शिवाय जुन्या रुपयाला नाणी जमवणाऱ्यांकडे चांदीच्या भावापेक्षा अधिक मोल मिळते. नाणी पुन्हा पेटीत ठेवली.

२० जुलै, शनिवार

एका दुकानात जुन्या चांदीची किंमत विचारली. दागिने न तपासता त्यांनी सरसकट ६० टंच (इथे शेकड्यात) धरू असे सांगितले, म्हणजे ७०९ ग्रॅमांचे ४२५ ग्रॅम शुद्ध. मला याचा फार राग आला आणि मी उठून आले. दुसरीकडे मशीनवर तपासणी केली तेव्हा कंबरपट्टा ८८, पैंजण ८१ आणि तोडे ८४ टंच दिसले. हे आकडे घेऊन मी कारागीरकाकांकडे गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “ताई, मशीन वरचं सांगते. आतलं भट्टीच सांगते.” त्या क्षणी मला ते पटले नाही.

२५ जुलै, गुरुवार

परवाच्या अर्थसंकल्पात सोन्या-चांदीवरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. आज सराफ्यात चांदी ग्रॅमला ८४ रुपयांच्या आसपास आहे. बारा दिवसांपूर्वी ४७,८९५ रुपयांना घेतलेल्या विटेचे आज ४२,००० रुपये होतात, म्हणजे ५,८९५ रुपये कमी. यातले १,३९५ रुपये कराचे आहेत आणि भाव पडला नसता तरीही ते परत आले नसते. नुकसानीपेक्षा मला माझ्या घाईचे वाईट वाटले. अर्थसंकल्प दहा दिवसांवर असताना एकदम सगळी रक्कम घालण्याचे काहीच कारण नव्हते. शंभर-शंभर ग्रॅम करत घेता आले असते.

त्याच अर्थसंकल्पातली दुसरी बाब वीट ठेवणाऱ्याने लक्षात घ्यावी अशी आहे. हातातली चांदी २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाईची वजावट आता मिळत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या चांदीच्या ईटीएफला (चांदीच्या भावाशी जोडलेल्या फंडाला) हीच मुदत १२ महिन्यांची आहे. बाजाराची नियामक संस्था सेबीने अशा फंडांना नोव्हेंबर २०२१मध्ये वाट मोकळी केली. युनिट घेताना ३ टक्के जीएसटी द्यावा लागत नाही आणि लॉकरही अडत नाही. निव्वळ भाव वाढण्यासाठी चांदी घेणाऱ्याला तो मार्ग स्वस्त पडेल, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मला मात्र धातू हाताशी हवा होता.

३१ जुलै, बुधवार

आज भट्टीवर पहिला दिवस आणि पहिलाच धक्का. तोडे आतून पोकळ होते आणि पोकळीत लाख भरलेली होती. ज्योत लागताच सांध्यातून काळपट तपकिरी लाख उकळत बाहेर आली आणि धुराने खोली भरली. कारागीरकाकांनी तोडे ताबडतोब पाण्यात टाकून, कापून, उभे चिरून घेतले. लाख खरवडल्यानंतर २४८ ग्रॅमचे तोडे १७१ ग्रॅम भरले. ७७ ग्रॅम लाख आम्ही दोन पिढ्या चांदी म्हणून सांभाळत होतो. जुना जाड दागिना आटवण्याआधी करवतीने एका ठिकाणी छेद देऊन आत पाहावे. मी तसे केले असते तर अर्धा दिवस वाचला असता आणि धूरही छातीत गेला नसता.

उरलेली ६३२ ग्रॅम चांदी एकत्र आटवून ६२४ ग्रॅमची लगड (ओतलेली कांडी) मिळाली. आठ ग्रॅम घट ही जुन्या मळाची आणि सांध्यांतल्या जस्ताची आहे. लगडीला दोन ठिकाणी भोक पाडून निघालेला कीस रासायनिक तपासणीला दिला. शुल्क ३०० रुपये.

६ ऑगस्ट, मंगळवार

तपासणीचा आकडा आला: ७३.४ टंच. मशीनवर ८१ ते ८८ दिसलेली चांदी आतून ७३ची निघाली. याचे कारण कारागीरकाकांनी आज नीट समजावले. चांदीचा दागिना तापवून तुरटीच्या किंवा आम्लाच्या पाण्यात उजळला की पृष्ठभागावरचे तांबे काळे पडून विरघळून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर राहतो. आमचे दागिने पन्नास-साठ वर्षे दर सणाला उजळले जात होते. क्ष-किरणांचे मशीन केवळ वरचा काही मायक्रॉनचा थर वाचते, त्यामुळे ते खोटे बोलले नाही. त्याने वरचा थर तेवढा वाचला.

लगड शुद्ध करायला भंडारा रस्त्याकडच्या एका शेडमध्ये दिली. तीव्र नायट्रिक आम्लात चांदी विरघळताना तांबूस तपकिरी, विषारी वायू निघतो, म्हणून हे काम घरी किंवा गच्चीवर कोणीही करू नये. मी काचेआडून पाहत उभी होते. निळसर-हिरव्या द्रावणात त्यांनी तांब्याच्या पट्ट्या सोडल्या आणि पाहता पाहता पट्ट्यांवर ओल्या राखेसारखी, केसाळ चांदी धरू लागली. पट्टी हलवली की तिचे लोळ तळाशी उतरायचे. ती धुऊन, वाळवून आटवल्यावर ४५० ग्रॅम शुद्ध चांदी हाती आली. शुल्क २,७०० रुपये.

आता २० जुलैचा हिशेब पुन्हा मांडते. त्या दुकानदाराने ४२५ ग्रॅम धरले होते आणि मला मिळाले ४५०. फरक २५ ग्रॅमांचा, म्हणजे आजच्या ८१ रुपयांच्या भावाने सुमारे २,००० रुपये, आणि तो मिळवण्यासाठी तपासणी व शुद्धीकरण मिळून मी ३,००० रुपये खर्चले. त्या माणसाने मला लुबाडण्यासाठी ६० टंच म्हटले नव्हते. जुन्या तोड्यात लाख असते हे त्याला माहीत होते आणि मला नव्हते. घरची चांदी घरच्याच दागिन्यात जावी एवढ्यासाठी हा खर्च मला मान्य आहे. पण ज्याला केवळ मोड करायची आहे त्याने शुद्धीकरणाच्या मागे लागू नये.

१२ ऑगस्ट, सोमवार

२०० ग्रॅम शुद्ध चांदी कामासाठी काढली. शुद्ध चांदी मऊ असते आणि अंगठीचा आकार धरत नाही, म्हणून ९२५ टंचाची मिश्रधातू करायची ठरली. २०० ग्रॅमांचे साडेसात टक्के म्हणून मी १५ ग्रॅम तांबे घातले. नंतर लक्षात आले की साडेसात टक्के हे चांदीच्या वजनाचे नसून एकूण मिश्रणाचे हवेत. २०० ला ९२५ने भागून ७५ने गुणले की १६.२ ग्रॅम येतात. १५ ग्रॅमांनी टंच ९३० झाला होता. मी १.२ ग्रॅम तांबे आणखी घालून ‘चूक’ दुरुस्त केली. (या दुरुस्तीबद्दल १४ सप्टेंबरची नोंद पाहावी.)

पहिली ओतणी फसली. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते आणि ९२५ची चांदी ८९० अंशांच्या सुमारास पूर्ण पातळ होते, पण मला धीर नव्हता आणि मी मोठी, फुंकारणारी निळी ज्योत बराच वेळ धरली. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पोटात घेते आणि गोठताना तो बाहेर फेकते. त्यात साचा थंड होता. लगडीवर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे आली आणि रोलरमधून दोनदा काढताच कडा फाटल्या. पाच तास वाया गेले.

१७ ऑगस्ट, शनिवार

दुसरी ओतणी चांगली झाली. बदल केले ते असे: मुशीत (धातू वितळवण्याच्या भांड्यात) आधी टाकणखार वितळवून तिला आतून काचेसारखा लेप दिला, ज्योत मऊ आणि पिवळसर ठेवली, चांदीवर कोळशाचा तुकडा तरंगत ठेवला आणि साचा हाताला चटका बसेल इतका तापवून त्याला तेल लावले. पातळ झालेली चांदी आरशासारखी फिरू लागली की लगेच ओतायची. त्यानंतरचे प्रत्येक सेकंद नुकसानीचे आहे.

पत्रा ०.८ मिलिमीटरपर्यंत आणायचा होता. जाडी निम्मी झाली की पत्रा तापवून पुन्हा मऊ करावा लागतो आणि इथे माझा अंदाज चुकत असे, कारण दिवसाच्या उजेडात मंद लाली दिसत नाही. काकांनी पत्र्यावर साध्या मार्कर पेनने एक रेघ मारून दिली. ज्योत फिरवताना ती रेघ उडाली की थांबायचे. खोलीतला दिवा मालवला आणि खिडकीला पोते लावले, तेव्हा रेघ उडण्याची वेळ आणि अंधारातली पहिली लाली कशी जुळते हे डोळ्यांनी पाहिले. एवढ्या एका युक्तीने पत्रा फाटणे थांबले.

२६ ऑगस्ट, सोमवार

पळसाला पाने तीनच असल्यामुळे नक्षीचा प्रश्न सोपा आहे: मधले पान मोठे, बाजूची दोन किंचित तिरपी. शिरा उठवण्यासाठी पत्रा पानाच्या मधल्या शिरेवर दुमडून, ठोकून, तापवून पुन्हा उघडला. हे सुंदर जमले. त्यानंतर डाख दिला, पॉलिश केले आणि पानांवर जांभळट करडे ढग उमटले. कितीही घासले तरी ते तसेच राहिले, कारण हा डाग वरचा नसतो. तापताना ऑक्सिजन पत्र्याच्या आत शिरून तिथल्या तांब्याला डागाळतो.

पुढच्या प्रत्येक डाखाआधी बोरिक ॲसिड स्पिरिटमध्ये कालवून तुकडा त्यात बुडवते आणि स्पिरिट पेटवून देते. पांढरा लेप राहतो आणि डाग येत नाही. डागाळलेली पाने मात्र काकांच्या पद्धतीने वाचवली: मंद तापवून तुरटीच्या पाण्यात सोडायची, ब्रशने हलके घासायची, पुन्हा तापवायची, असे पाच वेळा. पाचव्या खेपेला पाने दुधासारखी पांढरी झाली. सासूबाईंच्या कंबरपट्ट्याला ८८ टंच दाखवणारा थर अशाच उजळणीतून आला होता.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला आणि आज बडग्या-मारबतांची मिरवणूक, त्यामुळे इतवारी आणि महालच्या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा नाही. काम बंद. शनिवारी गणपती बसतील आणि कारागीरकाकांकडे चांदीच्या दुर्वा, मोदक आणि मूषकांची रास पडली आहे. दहा दिवस भट्टी मिळणार नाही. इतवारीच्या कारागिराकडून काम करून घेणाऱ्याने हे दिवस आधीच वजा धरावेत.

१४ सप्टेंबर, शनिवार

या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची चूक आज कळली. हार करण्याआधी मी एक नमुन्याचे तीन पानांचे पदक केले होते, वजन १९ ग्रॅम, त्यात डाख अर्धा ग्रॅम. मशीनवर विसंबायचे नाही हे आता ठरले असल्यामुळे पदक पूर्ण वितळवून तपासायला दिले. आकडा आला ९१८.

कारण साधे आहे. मी बाजारातून लवकर वितळणारा सोपा डाख घेतला होता आणि त्यात चांदी ६५ टक्केच असते. साडेअठरा ग्रॅम ९२५च्या चांदीत अर्धा ग्रॅम ६५चा डाख मिसळला की एकूण ९१८च होते. हे पाचवीतल्या मुलालाही करता येईल असे गणित मी कागदावर कधी मांडलेच नव्हते. काकांनी सांगितले की सांधे असलेल्या दागिन्यासाठी धातू नेहमी ९३०च्या आसपास करतात, म्हणजे डाखाने ओढून खाली आणले तरी दागिना ९२५च्या वर राहतो. १२ ऑगस्टला चुकून झालेला ९३० टंच मी कष्टाने बिघडवला होता.

हॉलमार्क हवा असेल तर हा आकडा निर्णायक आहे. चांदीला हॉलमार्क आज ऐच्छिक असला तरी ‘९२५’ असे सांगून ९१८चा माल देणे ही फसवणूकच होय, आणि विकत घेणाऱ्याला ती दिसत नाही म्हणून ती लहान ठरत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

पत्रा, कापणी आणि अर्धवट पाने मिळून १९२ ग्रॅम पुन्हा आटवले आणि त्यात १३.७ ग्रॅम शुद्ध चांदी घालून ९३० केले. तीन आठवड्यांचे काम मुशीत गेले. डाख ७५ टक्के चांदीचा कठीण घेतला आणि घेताना तो कॅडमियमविरहित असल्याची खात्री केली, कारण कॅडमियमचा धूर फुप्फुसांना अपायकारक असतो आणि स्वस्त डाखात ते अजूनही आढळते. सांधे आधी कानशीने इतके बसवायचे की उजेडाकडे धरल्यावर फट दिसू नये, मग मिलिमीटरभराचे तुकडे कापून तेवढेच ठेवायचे. नवे पदक ३८ ग्रॅमचे झाले आणि डाख लागला ०.४ ग्रॅम, हिशेबाने टंच ९२८ येतो.

५ ऑक्टोबर, शनिवार

संच पूर्ण झाला. हार ६२ ग्रॅम, कानातले १४ आणि अंगठ्या ११, एकूण ८७ ग्रॅम. शिरा उठून दिसाव्यात म्हणून लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या संयुगाच्या कोमट पाण्यात पाने काळी केली आणि उंचवट्यावरचे काळे पुसून घेतले.

त्यानंतर मीच घोटाळा केला. कानातल्यांच्या तारेला थोडी मळकट झाक होती, म्हणून घरी ॲल्युमिनियमच्या कागदावर, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून कानातले त्यात सोडले. साध्या चांदीसाठी ही उत्तम रीत आहे, कारण काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड आणि ॲल्युमिनियम त्यातला गंधक काढून घेते. पण मुद्दाम केलेला काळेपणाही सल्फाइडच असतो. दोन मिनिटांत पाने कोरी झाली. पुन्हा काळी करण्यात एक दुपार गेली. काळे काम केलेले दागिने केवळ मऊ कापडाने पुसावेत आणि हवाबंद पिशवीत, रबर व लोकरीपासून दूर ठेवावेत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा गाठला आहे आणि सराफ्यात धनत्रयोदशीची गर्दी आत्ताच सुरू झाली आहे. विटेचा भाव विचारला. विक्रीचा ग्रॅमला ९९, खरेदीचा ९७. म्हणजे माझ्या विटेचे ४८,५०० रुपये मिळतील आणि खरेदीच्या तुलनेत ६०५ रुपये वाढ झाली आहे. उच्चांकी भावातही एवढेच उरते, कारण कर आणि खरेदी-विक्रीतला फरक आधी वसूल व्हावा लागतो. वीट विकली नाही.

संचही दाखवला. मोडीत ८० टंच धरून ६,७५१ रुपये सांगितले. संचावर चांदी सोडून झालेला खर्च असा: तपासण्या आणि शुद्धीकरण ३,६०० रुपये, कारागिराच्या जागेचे १९ दिवसांचे दिवसाला ४०० प्रमाणे ७,६०० रुपये, गॅस, डाख, मुशी, कानशी वगैरे ३,८५० रुपये, एकूण १५,०५० रुपये. माझी मजुरी यात धरलेली नाही. हा दागिना विकायचा झाला तर त्याची किंमत नक्षीची आणि हाताची लावावी लागेल. चांदीच्या भावाशी तिचा संबंध फार थोडा आहे, आणि ‘चांदी आहे, केव्हाही पैसे होतील’ असे सांगून तो कोणाच्या गळ्यात घालणे मला मान्य नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

चांदीचा मेळ घातला. शुद्ध चांदीची २३६ ग्रॅमची लगड शिल्लक आहे, ९३०चा पत्रा आणि कापणी ११४ ग्रॅम, वितळवलेल्या नमुन्याची गोळी साडेअठरा ग्रॅम. सुमारे ११ ग्रॅम कीस आणि घटीत गेले. मेजाखालच्या चामड्यात जमलेला कीस आणि जमिनीची झाडलोट वेगळ्या पिशव्यांत भरून ठेवली आहे. झारेकरी (सराफी कचऱ्यातून सोने-चांदी काढणारा) वर्षातून एकदा येतो तेव्हा त्यातले थोडे परत मिळेल.

लगडीवर शिक्का नसल्यामुळे ती विकताना पुन्हा तपासली जाईल, म्हणून ती विटेच्या सोबत ठेवलेली नाही; तिच्यातून जानेवारीत बांगड्या घडवायच्या आहेत. त्या वेळी प्रत्येक १०० ग्रॅम शुद्ध चांदीला साडेसात ग्रॅम तांबे, म्हणजे ९३०, हे भिंतीवर लिहून ठेवले आहे. हाराच्या मागच्या साखळीत सासूबाईंच्या पैंजणांचे सहा घुंगरू तारेने ओवले आहेत. त्यांना डाख दिलेला नाही, त्यामुळे हवे तेव्हा सोडवता येतील.